दिसत नाही, मग उजेडात बसून काय फायदा?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, आता काहीच दिसत नाही. तरी डॉक्टर म्हणतात रोज सकाळी उजेडात बसवा, घरात काळा गॉगल नको. दिसतच नाही तर उजेड कशाला? आणि टॉर्च मारला की त्यांची बाहुली बारीक होते, म्हणजे थोडंफार दिसत असेल का?

उत्तर : बाहुली बारीक होते म्हणून दिसतंय असं नाही हो, त्यावर आशा लावून बसू नका. पण डॉक्टरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, उजेड ओळखणाऱ्या पेशी शाळेत आपल्याला दोनच शिकवल्या, रॉड आणि कोन. या आजारात आधी रॉड जातात, मागून कोन. पण रेटिनात गँगलियन पेशीही असतात, ज्या फक्त मेंदूकडे निरोप पोचवतात असं कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते, आणि त्यातल्याच अगदी मोजक्या पेशी स्वतःच उजेड ओळखतात, कारण त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं कुठे तर बेडकाच्या कातडीत, १९९८ मध्ये! मग २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या टीमने दाखवलं की उंदराच्या रेटिनातल्या या पेशी रॉड-कोनची मदत तोडली तरी उजेडाला प्रतिसाद देतात. खरं तर आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकसतात हे क्लाइड कीलर यांनी १९२० च्या दशकातच पाहिलं होतं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही.

या पेशी चित्र वगैरे काही बनवत नाहीत, आजूबाजूला एकूण उजेड किती एवढंच मोजतात, आणि तेही निवांत. निळसर उजेड, साधारण ४८० नॅनोमीटरचा, त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो. झगझगीत निळा लाइट मारून बंद केला तरी बाहुली बराच वेळ बारीकच राहते, लाल लाइटनंतर मात्र पटकन मोठी होते, ती निळ्या लाइटनंतरची ढिलाई म्हणजे या पेशींचं काम. बाहुलीशिवाय त्यांचा निरोप मेंदूतल्या झोप-जागेच्या घड्याळाकडे जातो. हे घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे उजेडाने ते रोज जुळवावं लागतं, नाहीतर झोप दररोज थोडी थोडी पुढे सरकत जाते.

१९९५ मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अजिबात न दिसणाऱ्या काही लोकांवर प्रखर उजेड टाकून बघितला, तर काहींचं मेलाटोनिन, म्हणजे रात्रीचं हॉर्मोन, खाली आलं आणि त्यांच्यातल्या ज्यांचे डोळे झाकून पुन्हा बघितलं त्यांचं नाही आलं. गॉगल नको म्हणतात ते यासाठीच. (मायग्रेन असलेल्या काही अंध लोकांना उजेडाने डोकं जास्त दुखतं, त्यातही याच पेशींचा हात मानतात.)

काचबिंदूत मात्र गँगलियन पेशीच मरतात, तिथे गणित वेगळं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला हाच सल्ला देत बसू नका.

सूर्याकडे तोंड करून बसवायची गरज नाही, मोकळ्यावरचा सकाळचा उजेड पुरे. उजेडाने डोळे दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि एवढं करूनही त्यांची झोप दर आठवड्याला पुढे पुढे सरकत दिवसावर येत असेल, तर झोपायच्या-उठायच्या वेळा वहीत लिहून ती वही दाखवायला न्या, त्यावर औषधं मिळतात.