“मॅडम, मी तर ज्यू नाही…”

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात ज्यू इतिहासावरच्या एका संशोधन फेलोशिपच्या नकाराच्या ईमेलची छापील प्रत होती. सगळा मजकूर चार ओळींचा. सतत घड्या घालून आणि उलगडून तो कागद पार मऊ पडला होता. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती म्हणाली, “मॅडम, मी ज्यू नाही. मला हिब्रू येत नाही. एमए रायगडातल्या एका लहान कॉलेजातून केलंय. मी या वाटेला जायलाच नको होतं ना?”

पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचं समुपदेशन मी बरीच वर्षं करते आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येतो. कुणी आदिवासी बोलींवर काम करत असतं, कुणी पारशी घराण्यांच्या कागदांवर, आणि सगळ्यांची भीती एकच असते: “मी त्यांच्यातली नाही, मग मला कोण विचारणार?” या मुलीचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे, कारण ज्यू इतिहासाच्या फेलोशिपबद्दल विचारणारी ती एकटी नाही.

मी आधी तिला विषयाबद्दल विचारलं. अर्जातला विषय नको, तू या गोष्टीकडे कशी आलीस ते सांग, म्हटलं. तेव्हा आजी निघाली. आजी रेवदंड्याची. तिच्या लहानपणी शेजारी बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, घर होतं. गावात त्यांना शनवारतेली म्हणत, कारण तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, आजी अजूनही ‘मशीद’ म्हणते. कोकणातले ते लोक स्वतःही तसंच म्हणत. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं. लोदहून काही वर्षं पत्रं येत राहिली, सगळी मराठीत. मग थांबली.

हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. तरी माझ्यासमोर ठेवलेल्या अर्जात यातलं काहीच नव्हतं. शीर्षक होतं, ‘बेने इस्रायल समाजाचा दुर्लक्षित इतिहास’. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत आणि त्यातून वाचलेली सात जोडपी, ही त्या समाजाची मूळकथा पहिल्या परिच्छेदात, आणि शेवटच्या परिच्छेदात इस्रायलला झालेलं स्थलांतर. मधलं सगळं ती दोन महिन्यांत करणार होती.

नकाराचं कारण मात्र हेही नव्हतं. आम्ही मूळ जाहिरात उघडली आणि शेजारी बसून ओळीनं वाचली. पात्रतेच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की अर्जदाराची डॉक्टरेट पूर्ण झालेली हवी. ती पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा अर्ज बहुधा कुणी वाचलाच नसावा. तीन महिने ही मुलगी रात्री जागून ‘माझं आडनाव बघून नाकारलं असेल का’ असा विचार करत होती, आणि उत्तर त्या एका ओळीत होतं. ती रडली. मी पाणी दिलं आणि थांबले. अशा वेळी घाईनं समजूत घालू नये, असं माझं मत आहे. आपण स्वतःला कशाबद्दल शिक्षा देत होतो हे माणसाला आधी नीट दिसू द्यावं.

दुसऱ्या भेटीत आम्ही फक्त जागा समजून घेतल्या. फेलोशिप हा एकच शब्द असला तरी त्यात फार वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं कॅट्झ सेंटर किंवा मिशिगन विद्यापीठातलं फ्रँकेल इन्स्टिट्यूट दरवर्षी एक सूत्र ठरवतं आणि त्या सूत्रावर काम करणाऱ्यांना एकत्र बसवतं. तुमचं काम कितीही चांगलं असलं तरी त्या वर्षीच्या सूत्रात बसत नसेल तर तिथे जागा नाही. सिनसिनाटीचं अमेरिकन ज्युइश आर्काइव्ह्ज १९४७ पासूनचं. ते अभ्यासकांना तिथले कागद वाचायला बोलावतं, आणि ते कागद मुख्यतः अमेरिकेतल्या ज्यूंचे आहेत. न्यूयॉर्कच्या सेंटर फॉर ज्युइश हिस्टरीत पाच संस्था एका छपराखाली आहेत. त्यातली लिओ बेक इन्स्टिट्यूट जर्मन बोलणाऱ्या ज्यूंची. हिटलरच्या काळात मुंबईत आलेल्या निर्वासितांवर कुणी काम करत असेल, १९३४ मध्ये त्यांच्यासाठी मुंबईत निघालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनवर करत असेल, तर त्याला ती जागा सोन्यासारखी. आमच्या रेवदंडेकर मुलीला तिचा उपयोग थोडाच. जेरुसलेमची बेन-झ्वी इन्स्टिट्यूट मात्र पूर्वेकडच्या ज्यू समाजांच्या अभ्यासासाठीच उभी राहिली. आणि आपल्याकडे भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहेच. तिच्याकडून परदेशी दफ्तरखान्यांत जायलाही मदत मिळू शकते, हे इतिहासाच्या मुलांना बऱ्याचदा माहीतच नसतं.

ती भराभर लिहून घेत होती. मध्येच पेन थांबलं. “पण यातलं कुणी ज्यू नसलेल्याला घेतं का?”

घेतात. विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या फेलोशिप धर्म बघून दिल्या जात नाहीत. काही शिष्यवृत्त्या समाजाच्या स्वतःच्या मुलांसाठी असतात आणि तसं त्यांच्या पात्रतेत लिहिलेलं असतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते की आधी तो परिच्छेद वाचा. पण या प्रश्नाला नियमाखाली आणखी एक थर होता. तिला वाटत होतं की ती कुणाच्या तरी घरात न विचारता शिरते आहे. ही भावना मला वाईट वाटत नाही. ज्या संशोधकाला ती कधीच होत नाही त्याचीच मला जास्त काळजी वाटते. मी तिला म्हटलं, मग विचारून शिर. अलिबागच्या इस्रायल आळीत जा, ठाण्यात जा, सिनेगॉगच्या विश्वस्तांना भेट, काय करते आहेस ते सांग, काय छापू नये ते विचार. ती गेली. एका घरात तिला चहाबरोबर तासभर प्रश्न विचारले गेले. तिनं त्यांना विचारले त्याहून जास्त. परत आली तेव्हा बरीच मोकळी झाली होती.

आता हिब्रू. इथे मी तिला खोटा धीर दिला नाही. ‘मराठी येतं ना, पुरे’ असं म्हणणं सोपं होतं, पण तसं नाही. कोणती भाषा लागते हे प्रश्नावर ठरतं, आणि तिचा प्रश्नच अजून ठरला नव्हता.

तो सापडायला चार भेटी लागल्या. ज्यू समाजाबद्दल तुला नेमकं काय कळत नाही, असं मी विचारत राहिले. ‘काय सांगायचंय’ असं विचारलं की मुलं भाषण करतात, ‘काय कळत नाही’ असं विचारलं की विचार करतात. एक दिवस ती म्हणाली, “आजी सांगते त्यांच्याकडे कीर्तन व्हायचं. हे मला कळत नाही.”

मलाही ते माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत तिनं सगळं आणलं. १८८०च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायलांनी मराठी कीर्तन सुरू केलं. अब्राहाम, योसेफ, मोशे या ज्यू धर्मग्रंथातल्या पूर्वजांची आख्यानं, साकी-दिंडी-ओवी या मराठी छंदांसकट. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी हग्गादा निघाली होती, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. १८७४च्या पुण्याच्या हग्गादेत तर सणाची तयारी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. हा समाज स्वतःची प्रार्थना हिब्रूत म्हणत होता आणि स्वतःच्या पूर्वजांची गोष्ट देवळातल्या कीर्तनाच्या घाटात ऐकत होता. का? मूर्तीसमोर वाढलेला हा प्रकार मूर्ती न मानणाऱ्यांनी घेतला, तेव्हा काय ठेवलं आणि काय वगळलं? देवाला मराठीत कोणते शब्द वापरले आणि ते कुणाकडून आले: संतांकडून, की मिशनऱ्यांच्या मराठी बायबलमधून?

“हा प्रश्न आहे,” मी म्हटलं. त्या दिवशी मी तिच्याइतकीच आनंदात होते.

प्रश्न हाती आल्यावर भाषेचंही स्पष्ट झालं. तिचे मुख्य छापील कागद मराठी होते. जेरुसलेममध्ये किंवा ऑक्सफर्डमध्ये बसलेल्या कितीतरी हिब्रू पंडितांना साकी आणि ओवीतला फरक कानानं ओळखता येणार नाही. तिला तो झोपेतही कळतो. पण मूळ हिब्रू कथेतून आख्यानात काय बदललं हे दाखवायला वाचण्यापुरतं हिब्रू लागणारच. म्हणून तिनं अर्जात साधं लिहिलं की सध्या अक्षरओळख आहे, अमुक वर्ग लावला आहे, फेलोशिप सुरू होईपर्यंत इथवर पोचेन, आणि अवघड उताऱ्यांसाठी मदत घेईन. हे लिहायला ती घाबरत होती. झाकून ठेवलेली उणीव निवड समितीला संदर्भांच्या यादीत दिसतेच, असं मी तिला सांगितलं. याच सुमारास तिला कळलं की जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं होतं, १८३२ मध्ये. “म्हणजे माझ्या आधी दोनशे वर्षं मराठी माणसं हेच करत होती,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मग राहिला तो प्रत्येक अर्जातला कळीचा भाग: हे काम इथेच का? ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ वगैरे वाक्यं मी तिच्याकडून खोडून घेतली. त्याऐवजी तिनं सूची उघडून कागद शोधले. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. पुस्तक कोणत्या छापखान्यात निघालं, पानं किती, प्रती किती, किंमत काय, असं सगळं त्यात असे. त्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एखाद्या कीर्तनाच्या किती प्रती निघाल्या हे तिथून कळू शकतं. अर्जात तिनं आठवड्यागणिक काय वाचणार ते लिहिलं. मला तो अर्ज वाचताना ती मुलगी टेबलापाशी बसलेली दिसली. अर्ज असा दिसला पाहिजे.

शिफारसपत्रांचं थोडक्यात सांगते. सहा आठवडे आधी मागा, सोबत अर्जाचा मसुदा द्या, नाहीतर ‘विद्यार्थिनी होतकरू आणि कष्टाळू आहे’ एवढंच पत्र मिळतं. तिच्या गाईडनी आधी तेवढंच लिहिलं होतं. मसुदा दिल्यावर दोन पानं लिहिली.

घरची काळजी निराळी होती. ज्यू इतिहास म्हणजे इस्रायल, म्हणजे युद्ध, एवढंच वडिलांच्या डोळ्यांसमोर. त्यांना मी एकदा बोलावून घेतलं. कागद लंडन, न्यूयॉर्कलाही आहेत, सुरुवात तिथून होऊ शकते, आणि कुठे जायचं ते ती तुमच्याशी बोलूनच ठरवेल, हे ऐकल्यावर ते शांत झाले. जाताना त्यांनी विचारलं, “या पोरीच्या आजीचं ते शेजारचं घर, त्यांचा पत्ता लागेल का हो?”

तिनं तीन ठिकाणी अर्ज केले. दोन नकार आले. एकात पुन्हा चार ओळी, दुसऱ्यात समितीचे शेरे, आणि ते शेरे चांगले होते. त्यातल्या एकावरून तिनं प्रबंधाचं दुसरं प्रकरण बदललं. तिसऱ्या ठिकाणी मागितलेल्या दोन महिन्यांऐवजी एक महिना मिळाला. दोन नकारांच्या वेळी तिनं मला फोन केला नाही. मला ते दोन्ही नकार नंतर, बोलण्याच्या ओघात कळले.

गेल्या महिन्यात ती परत आली ती अहवालाची अडचण घेऊन. अर्जात ज्या एका कीर्तनपुस्तिकेवर तिनं सगळ्यात जास्त भर दिला होता ती जागेवर सापडली नाही. सूचीत नोंद होती, पुस्तक नव्हतं. त्याऐवजी हाती लागल्या त्या तिमाही याद्या, आणि त्यांत तिला माहीत नसलेल्या मराठी ज्यू पुस्तकांच्या नोंदी. “अहवालात काय लिहू? जे वाचेन म्हणून पैसे घेतले तेच वाचलं नाही.”

“जसं झालं तसं लिही,” मी म्हटलं. “काय नव्हतं ते आधी, काय मिळालं ते नंतर.”

तिनं बॅगेतून वही काढली. मागच्या पानांवर अलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, गिरवलेलं होतं, पुढच्या पानांवर याद्यांतून उतरवलेली नावं, छापखाने, आण्यांतल्या किमती. एक कोरं पान शोधून ती तिथेच लिहायला बसली, आणि मी पुढच्या मुलाला दहा मिनिटं थांबायला सांगितलं.