मुळशी खोऱ्यातील घराण्याची वंशावळ: आडनावाऐवजी जमिनीच्या मागाने जावे

आपण लिहिले आहे की आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुळशी खोऱ्यातील वाडी सोडून मुंबईला आले, पणजोबांचे नाव ठाऊक आहे, वाडीचा काही भाग धरणात गेला आहे, आणि त्याच आडनावाचे शिवकालीन देशमुख घराणे आपलेच पूर्वज आहेत का, हे आपणांस शोधायचे आहे. माझे स्पष्ट मत असे की देशमुखांचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. मावळात एकाच आडनावाची अनेक स्वतंत्र कुळे आढळतात, आणि जुन्या कागदांत तर पुष्कळदा आडनावच नसते. तिथे फक्त ‘रामजी बिन धोंडजी’ असे असते, ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. वरून खाली येऊ पाहणाऱ्याला हवे ते घराणे सापडतेच, आणि म्हणून ते आपले ठरत नाही. पणजोबांपासून एकेक पिढी मागे जावे, आणि त्यासाठी डोंगरी मुलखात सर्वांत भरवशाचा माग जमिनीचा आहे.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 मध्ये झाला आणि 1913 मध्ये त्याला नवे रूप मिळाले. त्यानंतरच्या काळातील आपल्या गावाचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागावेत. अर्ज करताना वाडीचे नाव पुरत नाही, ती वाडी ज्या मौजे गावात मोडते त्याचे नाव द्यावे लागते. वारसाचा फेरफार हा लहानसा कागद असला तरी त्यात मयताचे नाव, बापाचे नाव, मुलगे, अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांची पालनकर्ती आई आणि कधी विधवा भावजयही सापडते. 1915 च्या सुमारास म्हातारपणी वारलेला खातेदार 1840-50 च्या आसपास जन्मलेला असणार, आणि त्याच्या नावापुढे बापाचे नाव असेल तर आपण एका कागदाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत पोहोचतो. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ दिसले तर मात्र थांबावे. ती व्यक्ती एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदली आहे, आणि तिच्या मागे दोन-तीन भाऊ न लिहिलेले असू शकतात. आपली शाखा त्या न लिहिलेल्या भावाची असणे अगदी शक्य आहे.

माझ्या स्वतःच्या शोधात मी इथेच चुकलो होतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे आमच्या भावकीत एकाच काळात एकाच नावाचे आणि एकाच बापनावाचे दोन चुलतभाऊ होते, आणि मी दोन वर्षे दुसऱ्याच घराची वंशावळ माझी समजून लिहीत होतो. चूक उलगडली ती बायकोच्या नावावरून. फेरफारात ‘जानकी कोम’ असे होते, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि माझ्या पणजीचे नाव जानकी नव्हते. तेव्हापासून नवरा-बायको अशी जोडी जुळल्याशिवाय मी कोणतीही पिढी पक्की मानत नाही.

फेरफारांच्या जोडीला गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही पाहावी, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. ती बहुधा मोडी लिपीत असते. वाचनासाठी जाणकाराची मदत घ्या, पण बिन, कोम, मयत, वारस हे शब्द स्वतः ओळखायला शिका, त्याला काही आठवडेच लागतात. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतील पाने विशेष लक्ष देऊन वाचावीत. एका घरातील दोन-तीन माणसे थोड्या दिवसांच्या अंतराने गेलेली दिसली की पुढे ती जमीन चुलत्याच्या नावावर कशी गेली, याचा उलगडा होतो.

आपल्या वाडीचा भाग धरणात गेला याचे दुःख मी समजू शकतो. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी. परंतु संशोधनाच्या दृष्टीने त्या संपादनाने एक मोलाची गोष्ट मागे ठेवली आहे, ती म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. मोबदला वाटायचा असल्यामुळे त्यात हिस्सेदार एकेक करून लिहिलेले असतात, म्हणजे फेरफारात झाकले गेलेले भाऊही इथे सापडू शकतात. आपल्या गावाचा निवाडा मिळाला तर तो सर्वांत आधी वाचा.

कागदांइतकीच भावकी महत्त्वाची आहे, पण तिला ‘आपले मूळ कुठले’ असे विचारू नये, त्याला प्रत्येक घरात एक तयार कथा असते. कोणाचे सुतक कोणाला दहा दिवस लागते, हे विचारावे. शास्त्राप्रमाणे सात पिढ्यांच्या आतले नाते असेल तरच पूर्ण सुतक धरतात. व्यवहारात ते सवयीने पुढेही पाळले जाते, तरी कोणती घरे एका बुंध्याची आहेत याचा तो चांगला पुरावा आहे. हे सर्वांत नेमके सांगतात त्या घरातील वयस्कर सुना. त्यांची माहेरची नावेही तेव्हाच लिहून घ्या, कारण ती पुढच्या पिढीत हमखास हरवतात.

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू आपल्या हाताने किंवा सांगून कुळाची नावे लिहीत आले आहेत. आपल्या गावाचे उपाध्ये कोण, हे तिथे गेल्यावर कळते. कुटुंबातील कोणीच यात्रेला गेले नसेल तर भावकीतील दुसऱ्याची नोंद पाहावी.

1818 च्या, म्हणजे पेशवाई संपण्याच्या, मागे जायचे तर पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तराकडे वळावे लागते. तिथे आपल्या गावाचा थळझाडा, म्हणजे थळवार जमिनीची यादी, मिळाला तर कोणते थळ (शेतजमिनीचा तुकडा) कोणत्या मिरासदाराचे, म्हणजे वंशपरंपरागत मालकाचे, आणि कोणते गतकुळ, म्हणजे वंश संपलेल्या घराण्याचे, हे कळते. थळाचे नाव आजही शेताला चिकटलेले असेल तर कागद आणि जमीन एकमेकांस जुळतात. तारखा सुहूर या जुन्या सनात असल्यास 599 किंवा 600, फसली या महसुली सनात असल्यास 590 किंवा 591 आणि शकात असल्यास साधारणपणे 78 मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो.

आपले पूर्वज उपरी, म्हणजे मिरासी हक्क नसलेले बाहेरचे कसणारे, म्हणून वाडीत आलेले असतील तर थळझाड्यात त्यांचे थळ असणार नाही, आणि मग देशमुखांशी नाते जोडायला आधार उरत नाही. ते मान्य करण्याची तयारी ठेवा. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आधी शेतांची नावे आणि भावकीतील सुतकाची घरे लिहून आणा. फेरफाराचा अर्ज त्यानंतर केलात तर कोणत्या गटाचे कागद मागायचे, हे आपणांस ठाऊक असेल.