दुसऱ्या बाळाचं आधी ठरव

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या पेशंटला ३६ आठवडे, पोटात जुळी, प्रत्येकाची वार (प्लासेंटा) वेगळी, पहिल्याचं डोकं खाली, दुसरं आडवं. तिच्या घरचे सिझरच्या मागे लागलेत आणि तू विचारतेस, ‘मॅडम, करून मोकळी होऊ का?’ मोकळं कोण होणार, तू की ती? त्या शब्दाचा मला राग आला.

दुसऱ्या बाळाचं आधी ठरव. डोकं खाली असलेलं पहिलं बहुधा येतं. कस लागतो त्यानंतर. पोटात एकदम जागा होते, कळा मंदावतात, दुसरं फिरतं. आज आडवं आहे ते तेव्हा सरळही झालेलं असेल. नुसत्या आजच्या सोनोग्राफीवरून पोट उघडायचं नसतं. दोघं एकाच पाण्याच्या पिशवीत असती, किंवा पहिलं पायाळू असतं, तर मीच सिझर म्हटलं असतं.

जुळ्यांच्या बाळंतपणावरचा २०१३चा ट्विन बर्थ स्टडी पुन्हा वाच. २,८०४ बायका, सगळ्यांचं पहिलं बाळ डोक्याकडून. सिझर ठरवलेल्या गटात २.२ टक्के बाळं दगावली किंवा गंभीर आजारी झाली, नॉर्मल ठरवलेल्या गटात १.९. सिझरने बाळांचं काही जास्त भलं झालं नाही. पण नॉर्मल ठरवलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझरच झालं. हेही तिला सांग, लपवू नकोस. आणि तिथे दुसरं बाळ काढायला सरावाचे हात हजर होते, हे तू विसरू नकोस.

माझ्याकडे ते नव्हते. मी ३१ वर्षांची, तालुक्याच्या गावात. पहिला मुलगा रडला, आया पेढ्यांचं बोलायला लागली, आणि माझ्या बोटांना दुसऱ्याचा हात लागला, म्हणजे ते आडवं होतं. भूलतज्ज्ञ ३० किलोमीटरवर. तो येईपर्यंत ठोके गेले. त्या बाईला खाली टाके, पोटावर टाके आणि कुशीत एकच मूल. पुढची बारा वर्षं मी जुळ्यांचं एकही बाळंतपण नॉर्मल होऊ दिलं नाही. लोक भित्री म्हणाले. म्हणू देत. भूलतज्ज्ञ इतका लांब असेल तर मी आजही सिझरच करेन, आणि त्यात मला चूक दिसत नाही. चूक दुसरीच झाली. नंतर शहरात सगळी सोय असतानाही मी तेच करत राहिले, आणि तुमच्या बॅचला दुसऱ्या बाळाला पाय धरून बाहेर काढायला शिकवलंच नाही. तुझी आजची भीती थोडी माझीच आहे.

म्हणून दुसऱ्या बाळाचं आधी ठरव. रात्री दोनला तुमचा भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतो? पायाकडून बाळ काढलेलं तुमच्यात कोण आहे? दोन बाळांना दोन माणसं आहेत का? रक्त आहे का? नसेल तर कळांची वाट न बघता आत्ताच मोठ्या ठिकाणी पाठव. तेही जमणार नसेल तर ३७ पूर्ण झाल्यावर सिझर कर, आणि मान ताठ ठेवून कर. सगळं असेल, तर मुहूर्त काढणाऱ्या सासूबाईंना चहाला बाहेर पाठव आणि तिला एकटीला विचार. पोट तिचं आहे.

रविवारी माझ्याकडे ये. ओटीपोटाचं जुनं मॉडेल आणि कापडी बाहुली अजून कपाटात आहे. पाणमोट, म्हणजे ती पाण्याची पिशवी, न फोडता आतून पाय कसा शोधायचा ते दाखवते. टाच लागली तर पाय. नाही लागली तर तो हात, तो सोडायचा आणि पुन्हा शोधायचं.

तुझी मॅडम