स्वाहिली म्हणायचं की किस्वाहिली?

प्रश्न असा आलाय की आफ्रिकन भाषांवरच्या एकाच लेखात आधी 'स्वाहिली' आणि पुढे 'किस्वाहिली' वाचलं, मग या दोन वेगळ्या भाषा आहेत का आणि मराठीत काय लिहायचं?

भाषा एकच. मूळ शब्द अरबी 'सवाहिल', म्हणजे किनारे. मोंबासा, लामू, झांझिबार हा सगळा पूर्व आफ्रिकेचा किनारपट्टा, तिथली ही भाषा. आता तिथला एक माणूस 'म्स्वाहिली', अनेक असले की 'वास्वाहिली', आणि त्यांची भाषा 'किस्वाहिली'. म्हणजे 'कि' हे नुसतं व्याकरण आहे.

पण हे व्याकरण भारी आहे हो! आपल्याकडे तीन लिंगं, तिथे नामांचे पंधराच्या आसपास वर्ग, आणि वर्गाची खूण अख्ख्या वाक्यभर उमटते. 'किताबु किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे मोठं पुस्तक पडलं, आणि 'विताबु विकुब्वा विमेआंगुका' म्हणजे मोठी पुस्तकं पडली. मोठ्याने म्हणून बघा, आपलं 'मोठं, पडलं' जसं शेपटाकडे जुळतं तसंच हे तोंडाकडे जुळतंय.

आता गंमत बघा, किताब हा शब्द अरबी, त्यातला 'कि' मुळातलाच, प्रत्यय वगैरे काही नाही, पण बोलणाऱ्यांच्या कानाला तो आपलाच 'कि' वाटला आणि त्यांनी सरळ अनेकवचन केलं 'विताबु'. इंग्रजी 'कीप लेफ्ट'चंही तेच, रस्त्यातल्या गोल चौकाला 'किपिलेफ्टी' म्हणायला लागले आणि असे दोन-चार चौक झाले की 'विपिलेफ्टी'. मला तर हे एवढं आवडतं की कोणी नामवर्ग म्हणजे काय विचारलं की मी आधी हेच सांगतो.

नात्यातल्या भाषांतही हाच प्रकार आहे, लुगांडातला 'लु', इसिझुलूतला 'इसि', सेत्स्वानातला 'से'. या सगळ्या बांटू भाषा, आणि 'बांटू' हे कुळाचं नाव विल्हेल्म ब्लीक या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात रूढ केलं, तेही यातूनच, 'न्तु' म्हणजे माणूस आणि 'बा' लावला की माणसं.

तर मराठीत काय? इंग्रजीतले भाषाअभ्यासक बहुतेक वेळा प्रत्यय गाळतात, पण युनेस्कोने २०२१ मध्ये ७ जुलै हा या भाषेचा जागतिक दिवस जाहीर केला तो 'किस्वाहिली' नावानेच. माझं मत, 'स्वाहिली' आपल्याकडे रुळलंय तर तेच लिहा, फक्त एका लेखात एकच रूप ठेवा. केनियातल्या 'किकुयु' या भाषेचं मात्र वेगळं आहे, ते स्वाहिली वळणाचं रूप, बोलणारे स्वतः 'गिकुयु' म्हणतात, कारण त्या भाषेत पुढे कठोर 'क' आला की आधीचा 'क' मऊ होऊन 'ग'सारखा होतो. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी सोडून, १९७८ साली तुरुंगात टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली ती याच भाषेत, त्यामुळे तिथे तरी मी 'गिकुयु'च लिहीन.