मत दिलं काय, न दिलं काय?

प्रश्न: मुलगा यंदा एकोणीसचा झाला. मतदार यादीत नाव घाल म्हणून कधीची मागे लागलेय, तर म्हणतो एका मताने काय होणारे, आणि हक्क काय कुठे पळून जातोय, पुढच्या वेळी बघू. भांडून काही उपयोग होत नाही. त्याला पटेल असं काय सांगू? — एक आई

उत्तर: ताई, एका मताचं उत्तर सोपं आहे. २००८ ला राजस्थानात विधानसभेच्या निवडणुकीत नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी बरोब्बर एका मताने पडले, त्याआधी २००४ ला कर्नाटकात संथेमरहळ्ळीतही असंच झालं होतं. पण अशा घटना विरळाच, त्यावर मी फार भर देणार नाही. मला जास्त खटकलं ते त्याचं दुसरं वाक्य, हक्क कुठे पळून जातोय. अहो जातो ना, आपल्याकडे गेलेला आहे!

इंग्रजांच्या काळात मत द्यायला मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटी होत्या, बहुतेकांना मतच नव्हतं. राज्यघटनेने एका फटक्यात सगळ्या सज्ञान माणसांना ते दिलं, तेही स्वित्झर्लंडसारख्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळायला १९७१ उजाडलं असताना. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत काय झालं बघा. याद्या करणारे दारात आले की कितीतरी बायका स्वतःचं नाव सांगेनात, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच, कारण परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही अशी रीत. निवडणूक आयोगाने अशा नोंदी धरायला नकार दिला आणि जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. म्हणजे घटनेने हक्क दिलेला, पण यादीत नाव नाही म्हणून मत नाही. तुमच्या मुलाची आज नेमकी हीच अवस्था आहे, फक्त त्याला कोणी अडवलेलं नाही, त्याने स्वतःच ठरवलंय.

आणि आणीबाणी तर त्याला नीट सांगाच. जून १९७५ ला लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, हजारो माणसं खटल्याशिवाय आत गेली आणि १९७६ ला व्हायची लोकसभा निवडणूक सरळ पुढे ढकलली, म्हणजे ज्याला "पुढच्या वेळी बघू" म्हणायचं होतं त्याची पुढची वेळच लांबवली. या अटकांविरुद्ध लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथे न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणूस मारला तरी दाद मागता येणार नाही का, तर उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूने निकाल दिला, तो एक म्हणजे खन्ना, आणि पुढे सरन्यायाधीशपदाची पाळी आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. मला हे प्रत्येक वेळी वाचताना कसंतरी होतं. मग मार्च १९७७ ला निवडणूक झाली, लोकांनी ते सरकार घालवलं, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने असं ठरलं की आणीबाणीतसुद्धा जगण्याच्या हक्कासाठी कोर्टात जाणं बंद करता येणार नाही. हे सगळं कशामुळे शक्य झालं, तर मतामुळेच की! सगळे सारखे वाटत असतील तर वाटू देत, त्याने मतदान केंद्रावर जाऊन "नोटा", म्हणजे "यापैकी कोणीही नाही"चं बटण दाबावं, पण जावं.

फक्त आणीबाणीचं लेक्चर देऊ नका, घरातल्या मोठ्यांना तेव्हाचं आठवत असेल तर त्यांनाच बोलू द्या, आणि त्याच्याशेजारी बसून फॉर्म ६, म्हणजे यादीत नवीन नाव घालायचा अर्ज, भरून घ्या, ऑनलाइन होतो नाहीतर बीएलओकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही, त्यामुळे निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. आणि तुमचं स्वतःचं नावही तपासा, कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.