‘लाँग बॅरो’ला मराठीत काय म्हणायचं? ढकलगाडी तर नक्कीच नाही

प्रश्न असा आला आहे: “इंग्लंडात विल्टशरमधला ‘वेस्ट केनेट लाँग बॅरो’ बघायला जाणार आहोत. सोबतच्या ज्येष्ठ मंडळींसाठी मराठीत टिपण करते आहे. भाषांतराच्या अ‍ॅपने ‘लांब ढकलगाडी’ असं दिलं. एका प्रवासवर्णनात ‘मकबरा’ वाचलं, दुसऱ्यात ‘स्तूप’. बरोबर काय? ढकलगाडीला आणि थडग्याला इंग्रजीत एकच शब्द कसा? आणि ‘बॅरो’ मराठीत तो, ती की ते?”

एकच शब्द नाही. दोन वेगळे शब्द झिजून झिजून एकसारखे दिसायला लागले, एवढंच. गाडीचा बॅरो जुन्या इंग्रजीत ‘बेआर्वे’. त्याचा धातू उचलून नेण्याचा, म्हणजे आपला भृ. भार, भारा हे त्याच घरचे. या बॅरोला मुळात चाक नव्हतंच. दोघांनी पुढून-मागून दांडे धरून उचलायचा. याच धातूतून इंग्रजीत तिरडीसाठीचा ‘बिअर’ हा शब्द आला (प्यायच्या बिअरचा इथे काही संबंध नाही). म्हणजे अंत्ययात्रेशी व्युत्पत्तीचं नातं ढकलगाडीचं आहे, टेकाडाचं नाही. अ‍ॅपला एवढं कळत असतं तर कौतुक केलं असतं.

टेकाडाचा बॅरो म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘बेओर्ग’. अर्थ डोंगर, टेकडी, आणि त्यावरून मेलेल्यांवर रचलेला मातीचा उंचवटा. जर्मनमध्ये आजही डोंगराला ‘बेर्ग’च म्हणतात. आणि संस्कृतात हाच शब्द बृहत्. बृहत् म्हणजे नुसतं ‘मोठं’ असं शाळेत शिकवतात, पण मूळ अर्थ ‘उंच, वर वाढलेलं’. ध्वनींचा हिशेब चोख बसतो. मूळ धातूत आधी भ-सारखा आणि शेवटी घ-सारखा महाप्राण होता. एकाच धातूत दोन महाप्राण आले की संस्कृत पहिला सोडून देते. हा ग्रासमानचा नियम. बन्ध् आणि बुध् यांच्या बाबतीतही तेच झालं. म्हणून भ चा ब झाला आणि शेवटच्या वर्णाचा ह. जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, भाषांत त्याच जागी ग आला आणि इंग्रजीत तो शेवटचा ग घासत घासत ‘ओ’ झाला. इराणचा अल्बुर्झ पर्वतही याच कुळातला: पारशांच्या अवेस्तात ‘हरा बेरेझैती’, उंच हरा. तेव्हा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या पाटीवरचा ‘बृहन्’ आणि विल्टशरच्या पाटीवरचा ‘बॅरो’ एका मुळाचे आहेत.

आता बुरूज. बुरूज आपल्याकडे अरबी ‘बुर्ज’वरून आला, यात वाद नाही. अरबीच्या मागे ग्रीक ‘पिर्गोस’ आहे, असं बहुतेकांचं मत. भांडण त्याच्या पलीकडे आहे. पिर्गोस म्हणजे मनोरा आणि जर्मानिक ‘बुर्ग’ म्हणजे गढी, हे एकाच ‘उंच’ धातूचे की नाहीत? नाहीत म्हणणारा पक्ष मोठा आहे. त्यांचा मुद्दा असा की ग्रीकमध्ये त्या धातूचा शेवटचा वर्ण ख-सारखा यायला हवा, ग नव्हे. म्हणून हा शब्द ग्रीकांच्या आधीच्या कुठल्यातरी भाषेतला धरावा. नियम म्हणून हे बरोबर आहे. पण मग अर्थ जुळतो, व्यंजनांचा सांगाडा जुळतो, हा सगळा योगायोग म्हणायचा? पिर्गोस ग्रीकमध्ये शेजारच्या, वेगळे ध्वनिनियम पाळणाऱ्या एखाद्या भारोपीय (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या) भाषेतून उसना आला असेल तर ध्वनींची अडचण उरत नाही. हे मत अल्पसंख्य असलं तरी मला तेच पटतं. ‘आधीची कुठलीतरी भाषा’ म्हणणं म्हणजे उत्तर देणं नव्हे, प्रश्न माळ्यावर टाकणं आहे. बुरूज, बृहत् आणि बॅरो या तिघांना एका ओळीत उभं करायला मी तरी लाजत नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी, कारण ‘इंग्लंडातली वैदिक स्मशानं’ असले निरोप फिरत असतात. नातं शब्दाचं आहे, टेकाडाचं नाही. वेस्ट केनेटचं टेकाड इ.स.पू. ३६५०च्या आसपासचं. रचणारे लोक शेतकरी होते आणि त्यांचे पूर्वज अनातोलियाकडून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडून, युरोपभर पसरत आलेले. भारोपीय भाषा ब्रिटनमध्ये यायला तेव्हा हजारभर वर्षं तरी अवकाश होता. ‘बेओर्ग’ हा शब्द तिथे पोचला अँग्लो-सॅक्सनांबरोबर, इसवी सनाच्या पाचव्या शतकात. टेकाड तोवर चार हजार वर्षांचं जुनं झालं होतं. रचणाऱ्यांचा स्वतःचा शब्द कायमचा गेला.

आता चुकीचे शब्द. मकबरा म्हणजे कबरीवर बांधलेली इमारत, तीही ठरावीक कुणाची तरी. स्तूप भरीव असतो. त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतात, आत शिरत नाहीत. समाधी एका नामवंताची. थडगंही एकाचंच. वेस्ट केनेटच्या दालनांत किमान ३६ माणसांच्या अस्थी मिळाल्या, बायका-पुरुष-मुलं सगळ्यांच्या, आणि बऱ्याच एकमेकांत मिसळलेल्या, हलवलेल्या. काही जण ‘पांढरीचं टेकाड’ लिहितात. खडूच्या दगडाचं असल्यामुळे हे टेकाड नवं असताना पांढरंफेक दिसत असणार, हे खरं. पण आपल्याकडे पांढर म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेताची. इथे कुणी राहत नव्हतं.

गंमत अशी की नेमका शब्द आपल्याकडे होता आणि आपण तो घालवला: श्मशान. आज स्मशान म्हटलं की जाळायची जागा डोळ्यांसमोर येते. पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या तेराव्या कांडात श्मशान ही रचायची वस्तू आहे, अस्थींवर उभारलेला मातीचा उंचवटा. मृत्यूनंतर लगेच करू नये, किती वर्षं झाली याचीही आठवण उरली नाही की मग करावं, असं तिथे सांगितलं आहे. उंची वर्णानुसार ठरवून दिली आहे, गुडघ्यापासून थेट हात वर केलेल्या पुरुषापर्यंत. आणि आकार? देवांकडचे लोक चौकोनी करतात, आसुर वृत्तीचे पूर्वेकडचे लोक गोल करतात. इंग्लंडातही लांबट आणि गोल असे दोन प्रकार आहेत, पण तिथे फरक काळाचा आहे: लांबट ते नवाश्मयुगातले, गोल ते बहुतेक कांस्ययुगातले.

श्मशानाची व्युत्पत्ती ‘निरुक्त’कार यास्काने ‘श्म-शयन’ अशी लावली, श्म म्हणजे शरीर. हा ‘श्म’ इतरत्र शोधायला जा, हाती काही लागणार नाही. शब्द फोडण्यासाठी तो घडवलेला दिसतो. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘अश्म-शयन’, दगडाची शेज, हे जास्त संभवनीय म्हटलं आहे, आणि तेच बरं वाटतं. यास्काचं नाव घेऊन अजूनही ‘शरीर निजतं ते श्मशान’ सांगणाऱ्यांनी निदान दुसरं मत आहे एवढं तरी सांगावं.

पण आजच्या वाचकाला श्मशान लिहून चालणार नाही, सरण आठवेल. म्हणून सरळ ‘दफन-टेकाड’ लिहावं. लांब असेल तर ‘लांब दफन-टेकाड’. पहिल्या उल्लेखात ‘लाँग बॅरो’ हे नावही द्यावं, कारण वाटेतल्या पाट्यांवर तेच दिसणार. नकाशावर जुन्या वळणाच्या ठसठशीत अक्षरांत ‘ट्युम्युलस’ असंही दिसेल. ते लॅटिन, ‘फुगणे’ या अर्थाच्या धातूपासून, ट्यूमरचं भावंड. (आपल्या ‘टम्म’शी त्याला जोडू नका. टम्म नुसता ध्वनी आहे.) डर्बीशरकडे अशा टेकाडांना ‘लो’ म्हणतात. तो शब्द कलण्याच्या, टेकण्याच्या धातूचा आणि संस्कृत श्रि, म्हणजे आपला ‘आश्रय’, त्याच मुळाचा. यावर वेगळं लिहायला हवं.

टिपणासाठी उपयोगी शब्द आता जागेवरूनच घेऊ. ए-४ रस्त्याच्या कडेला थोड्या गाड्या मावतील एवढी जागा आहे, तिथून अर्धा मैल चालायचं. वाटेत केनेट नदीवरचा छोटा पूल, मग शेतातून चढ. चढ अवघड नाही, पण हिवाळ्यात नदीकाठ पाण्याखाली जातो आणि खडूची माती ओली झाली की साबणासारखी सुटते. गुडघे दुखणाऱ्यांना काठी आणि खाचांच्या तळाचे बूट सांगा. तिकीट नाही, उजेड असेपर्यंत कधीही जाता येतं. जागेवर स्वच्छतागृह नाही. ते आधी एव्हबरी गावात उरकावं. वाटेत दिसणारा प्रचंड गोल डोंगर म्हणजे सिल्बरी हिल. तोही माणसांनी रचलेला, पण त्यात दफन सापडलेलं नाही. टिपणात त्याला दफन-टेकाड लिहू नका, नुसतं टेकाड. त्यावर चढायला बंदी आहे.

आपलं टेकाड सुमारे १०० मीटर लांब, पूर्वेकडे रुंद आणि उंच, पश्चिमेकडे निमुळतं. दोन्ही कडांचे खंदक आता बुजले आहेत. भराव त्यांतूनच काढला होता. पूर्वेच्या तोंडावरच्या उभ्या शिळा म्हणजे ‘दर्शनी शिळा’. सर्वांत मोठी साडेतीन मीटरांहून उंच. लोक समोर उभे राहून ‘दार बंद आहे’ म्हणून परत फिरतात. बंद नाही, त्या शिळा दार बुजवण्यासाठीच लावलेल्या होत्या, त्यांच्या मागे वळसा घालून आत जायचं. आतला रस्ता म्हणजे ‘बोळ’. ‘कॉरिडॉर’ लिहू नका, बोळ हा उत्तम शब्द आहे. बोळाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि टोकाला एक अशी पाच ‘दालनं’. सरळ उभं राहता येतं. पण हे सगळं जेमतेम १२ मीटर आत जातं, पुढचं टेकाड भरीव आहे. १०० मीटरांचा बोळ असेल अशा अपेक्षेने जाणारे हिरमुसतात.

मोठ्या शिळांना ‘सार्सन’ म्हणतात, वाळूचा अतिशय कठीण दगड, आसपासच्या माळांवरचाच. दोन शिळांमधल्या फटी चुनखडीच्या चपट्या दगडांनी भरल्या आहेत, चुना-माती न वापरता. त्याला कुणी ‘कोरड्या दगडांची भिंत’ लिहितात. कोकणातल्या कुणालाही विचारा, त्याला गडगा म्हणतात. ही चुनखडी मात्र स्थानिक नाही, पश्चिमेकडून आणलेली. एका सार्सनला हात लावला तर एक भाग काचेसारखा गुळगुळीत लागेल. तिथे दगडी कुऱ्हाडी घासून धार लावलेली. छतातली काच आधुनिक आहे, १९५५-५६मध्ये स्टुअर्ट पिगट आणि रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी उत्खनन केलं त्यानंतरच्या डागडुजीतली. कोपऱ्यातल्या दालनांत तिचा उजेड पोचत नाही, टॉर्च हवाच. मेणबत्त्या आणि पणत्या लावू नका. लोक श्रद्धेने लावतात, पण आचेने दगडाचे टवके उडतात, काजळी बसते ती निघत नाही. आत हाडं नाहीत. अस्थी दालनांत ठेवण्याचं काम जेमतेम एका पिढीत संपलं होतं, पुढे हजारभर वर्षांत दालनं माती, खडू आणि खापरांनी भरत नेली आणि शेवटी दार बुजवलं.

त्या गुळगुळीत शिळेवरून ‘नवाश्मयुग’ हा शब्द समजावता येईल. जॉन लबक याने १८६५मध्ये ‘निओलिथिक’ हा शब्द काढला तो घासून गुळगुळीत केलेल्या हत्यारांच्या काळासाठी. नवाश्म आणि नवपाषाण दोन्ही चालतात. चालत नाही ते म्हणजे दगड दिसला की नवाश्म म्हणणं. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं हा त्यातला हमखास बळी. तीही दफनं आहेत, पण लोहयुगातली. वेस्ट केनेटनंतर अडीच हजारांहून जास्त वर्षांनीची. त्यांना ‘महापाषाणीय’ म्हणतात. हा शब्द दगडाच्या आकाराबद्दल बोलतो, काळाबद्दल नाही. त्यामुळे वेस्ट केनेट नवाश्मयुगीन आहे आणि महापाषाणीयही. जुनापाणी फक्त महापाषाणीय.

लिंगाचं राहिलंच होतं. तो बॅरो, अनेकवचनी ते बॅरो, फोटोसारखं. ‘बॅरो पाहिली’ असं लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा ती अ‍ॅपवाली गाडीच असते.