भाकरी सोडली, काटा अडला

प्रश्न : मी परभणीची, वय ४२. थायरॉइड कमी आहे, रोज गोळी घेते. वजनासाठी भाकरी-भात पूर्ण बंद केला. आधी काटा खाली आला, आता हलेना. थकवा येतो, केसही गळतात.

उत्तर : ताई, सुरुवातीला उतरलं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पिठूळ पदार्थ तोडले की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कमी होतो, त्याबरोबर पाणी जातं. शिवाय कर्बोदकं अगदीच तोडली तर टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक आणखी कमी होऊ शकतं.

पण मला आधी तुमच्या गोळीबद्दल विचारायचंय. उठल्याबरोबर चहा आणि त्यातच गोळी, असं तर होत नाही ना? आपल्याकडे हे घरोघरी दिसतं. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्या. चहा निदान अर्ध्या तासाने. ही गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर ठेवा. दळणात सोयाबीन घालत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने गोळी कमी शोषली जाऊ शकते. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. डोस बदलला तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा.

ज्वारीची एक भाकरी जेवणात खुशाल ठेवा. सोबत घट्ट वरण, मेथीची भाजी, दही. कमी करायचाच तर साखरेचा चहा, फरसाण आणि संध्याकाळचा ताटभर चुरमुऱ्यांचा सुशीला कमी करा. आणि मधुमेहाचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात तोडू नका, रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.